रानपिंगळ्याची एकशे तेरा वर्षे

१९९७ सालच्या २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात, एका उघड्याबोडक्या झाडावर उन्हाला बसलेले एक छोटे घुबड तीन अमेरिकी पक्षिअभ्यासकांना दिसले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ही त्यांची नावे. घुबड होते रानपिंगळा. त्याआधीची शेवटची खात्रीशीर नोंद १८८४ सालची, तीही याच मुलखातली. मधली एकशे तेरा वर्षे हा पक्षी जिवंत आहे की नाही, हे छातीठोकपणे कोणाला सांगता येत नव्हते. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. पुढे सातच महिन्यांनी, १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि शहादा, तळोदा, अक्राणी हे तालुके तिकडे गेले. रानपिंगळ्याचे हरवणे आणि सापडणे ही दोन्ही प्रकरणे मात्र कागदोपत्री जुन्या खानदेशाची, म्हणजे धुळ्याचीच. ही गोष्ट बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. एकात ती नामशेष पक्षी पुन्हा सापडल्याची आनंदवार्ता असते. दुसऱ्यात एका लबाड इंग्रज कर्नलची चोरी उघडकीस आल्याची हेरकथा असते. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींत मुख्य मुद्दा निसटतो. सातपुड्यातून पक्षी गेलाच नव्हता, त्याच्याकडे पाहणारा माणूस गेला होता. आणि पाहणारा नसताना त्या जंगलाबद्दल जे निर्णय झाले, त्यांनी या पक्ष्याचे कुठल्याही शिकाऱ्यापेक्षा जास्त नुकसान केले.

सुरुवात मात्र खानदेशातली नाही. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक छोटे घुबड टिपले आणि ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवले. हा ह्यूम म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. त्या काळी तो हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वात मोठा संग्राहक होता. १८७३ मध्ये त्याने या घुबडाला नवी जात ठरवून ब्लेविटचे नाव दिले. १८७७ मध्ये भूगर्भतज्ज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याला ओडिशातल्या खरियार भागात आणखी एक मिळाले. पूर्वेकडच्या नोंदी तिथेच संपल्या. त्यानंतरचे सगळे नमुने पश्चिमेचे, तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यातले, आणि जेम्स डेव्हिडसन या एकाच माणसाने मिळवलेले. डेव्हिडसन मुलकी सेवेतला अधिकारी होता. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन तालुक्या-तालुक्यांतून जमाबंदीची दप्तरे तपासत फिरायचे ही त्याची नोकरी आणि फिरता फिरता पक्षी टिपायचे हा त्याचा नाद. १८८२ च्या सुमारास ह्यूमच्या नियतकालिकात त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक कच्ची यादी छापली. ‘कच्ची’ हे विशेषण त्याचेच. पण इथल्या पक्ष्यांची तेवढी काळजीपूर्वक मोजदाद त्यानंतर शंभर वर्षांत फारशी कोणी केली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

रानपिंगळा ओळखायला सोपा नाही आणि ही अडचण पुढच्या साऱ्या प्रकरणात पुन्हा पुन्हा आडवी येते. गावकुसाच्या वडाच्या किंवा चिंचेच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा खानदेशात पोरासोरांच्याही ओळखीचा आहे. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे, तपकिरी असते. छातीवर गडद पट्टा, त्याखाली पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्या. पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि नख्या अंगाच्या मानाने दांडग्या. साधा पिंगळा संध्याकाळनंतर जागा होतो, तर रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळी पानगळ झालेल्या झाडाच्या शेंड्याजवळ बसून तो शेपटी झटकत राहतो, खाली पाचोळ्यात सापसुरळी, सरडा किंवा उंदीर हलला की झडप घालतो. त्याला किर्र जंगल नको असते. विरळ, उन्हे आत येतील असे, पण मोठी जुनी झाडे शिल्लक असलेले कोरडे पानगळीचे जंगल लागते. साग, सालई, धावडा, मोह अशा झाडांचे. म्हणजे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे जंगल, तापीच्या सपाटीला जिथे ते येऊन टेकते तो पट्टा.

नेमका हाच पट्टा कोणाच्याच लेखी महत्त्वाचा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुडा त्यांच्यासाठी भिल्लांच्या बंडाचा प्रदेश होता. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रॅम जंगलात शिरला तो माणसे वश करायला आणि वाघ मारायला. दहाएक वर्षांत त्याच्या शिकारींत दोनशेच्या आसपास वाघ पडल्याचा हिशेब त्याच्या चरित्रात अभिमानाने मांडलेला आहे. १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलाचे मोजमाप सागाच्या घनफुटांत होऊ लागले. वाघ हे शिकाऱ्याचे, साग हे खात्याचे. मुठीएवढ्या घुबडाला त्या हिशेबात रकानाच नव्हता. डेव्हिडसनची बदली पुढे कारवारकडे झाली. ह्यूमच्या हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा त्याच्या सिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकला. त्या धक्क्यानंतर १८८५ मध्ये ह्यूमने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्ष्यांचा नाद जवळजवळ सोडला. एक अधिकारी बदलून गेला, एका संपादकाने पाठ फिरवली, एवढ्यावर एका पक्ष्याची सगळी माहिती थांबली. पक्षी नाहीसा व्हायला यापलीकडे काहीच घडावे लागले नाही.

आता त्या कर्नलकडे वळू. रिचर्ड मायनर्त्सहागेन (१८७८–१९६७) हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, हेर, शिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. १९३७ मध्ये त्याने अफगाणिस्तानात काढलेल्या मोहिमेत आपले सलीम अली सोबत होते. ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिविभागात परवानगीविना नमुने हलवल्याबद्दल त्याला पूर्वी एकदा प्रवेशबंदीही झाली होती, पण वजनदार माणूस असल्याने ती टिकली नाही. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे वीस हजार नमुन्यांचा संग्रह त्याच म्युझियमला दिला. त्यात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते की तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे गुजरातेत सुरतेच्या वर, मारला. विसाव्या शतकातला हा एकमेव पुरावा होता, त्यामुळे पुस्तकांनी तो घेतला. रानपिंगळा निदान १९१४ पर्यंत होता आणि तो तापीच्या खालच्या खोऱ्यातही होता, असे त्यातून ठरले. सलीम अली आणि त्यांचे सहकारी डिलन रिप्ले यांनी पुढे शोध घेतला, तरी पक्षी मिळाला नाही. अधूनमधून कोणी छायाचित्र दाखवून सापडल्याचा दावा करी, आणि तो साधाच पिंगळा निघे.

रानपिंगळा सापडण्याआधी पामेला रासमुसेन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियाच्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करत होत्या. रानपिंगळ्याचे जगात जेमतेम सात नमुने होते, म्हणून त्यांनी एकेक तपासायला घेतला. पक्ष्याचा नमुना म्हणजे कातडे सोलून आत कापूस भरून पोटाशी टाके घातलेला पिसांचा पोकळ आकार, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कातडे सोलणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोण मान किती भरतो, पंख कसे बांधतो, टाके कुठे घालतो, हे जाणत्या माणसाला अक्षरासारखे वाचता येते. मांडवीच्या म्हणून दाखवलेल्या पक्ष्यावर वरवरची डागडुजी कर्नलच्या पद्धतीची होती, पण खाली हात डेव्हिडसनचा होता. तो म्युझियममधूनच चोरलेला, नव्याने भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला खानदेशचा पक्षी होता. रासमुसेन आणि पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर सिद्ध केले. पण त्याचा उपयोग त्याआधीच झाला होता. मांडवीची नोंद खोटी म्हणून बाजूला काढताच शोधाचा नकाशा बदलला. फुलझर आणि खरियारच्या बाजूला आधी शोधून हाती काही लागले नाही, मग तिघे डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे आले आणि काही दिवसांतच पक्षी समोर बसला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. नंतर डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. डांग ते मांडवी हे अंतर फार नाही. मग कर्नलचे खोटे खरेच निघाले म्हणायचे, आणि त्याच्या चोरीने शोध चुकला हा दावा फोल ठरतो, असे कोणी म्हणेल. माझ्या मते उलट आहे. योगायोगाने बरोबर निघालेली नोंद ही नोंदच नव्हे. डेव्हिडसनची चिठ्ठी गावाचे नाव आणि तारीख सांगते, पक्षी कोणत्या ऋतूत कोणत्या मुलखात फिरत होता हे ताडून पाहण्याची सोय करून देते, आणि पुन्हा त्याच जागी जाऊन पडताळता येते. मांडवीची चिठ्ठी यातले काहीच देत नाही, कारण ती कधी कुठल्या जंगलात लिहिलीच गेली नव्हती. शिवाय त्या चिठ्ठीने आणखी एक काम केले, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९१४ च्या ताज्या नोंदीमुळे सगळ्यांची नजर मांडवीकडे गेली आणि जुन्या तळोदा-शहाद्याच्या नोंदी इतिहासजमा वाटू लागल्या. पाहणाऱ्याची अनुपस्थिती त्या चिठ्ठीने आणखी लांबवली.

त्या लांबलेल्या काळात खाली जंगलात काय चालले होते, हे पाहिले की मुद्दा उघड होतो. सपाटीवरच्या काळ्या जमिनी गेल्या शतकात कर्जापायी आणि कागदाच्या करामतीपायी भिल्ल-पावरांच्या हातून निसटत गेल्या. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने उभारलेला भूमिमुक्तीचा लढा याच जखमेतून आला. जमीन गमावलेला माणूस वर डोंगराकडे सरकला, तिथे नेवाड, म्हणजे झाडे तोडून काढलेली शेती, पाडू लागला. वनखात्याच्या वहीत तो अतिक्रमणदार झाला. मग आले सरदार सरोवर. बुडणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या गावांना जमीन द्यायची तर कुठून द्यायची? सरकारने बोट ठेवले तळोद्याच्या राखीव जंगलावर. १९९० पासून आधी २,७०० हेक्टर आणि पुढे भर घालून एकूण सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली. धरणग्रस्तांना जमीन मिळणे हा त्यांचा हक्क होता आणि तो अजूनही पुरता फिटलेला नाही, त्यावर वाद नाही. तिथे आधीपासून नेवाड कसणाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले, तोही दोष त्यांचा नव्हे. पण हे तळोदा कोणते? ज्या गावाचे नाव डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर आहे, तेच. जगातल्या सात नमुन्यांपैकी बहुतेक ज्या पट्ट्यातून आले, त्या पट्ट्याची साफसफाई करण्याचा निर्णय घेताना इथे एक दुर्मीळ पक्षी असू शकतो, हे म्हणायला एक माणूस उभा नव्हता. असता तर निर्णय फिरला असता असे मी म्हणत नाही, तशी आपली रीत नाही. पण प्रश्न तरी विचारला गेला असता, कोणता तुकडा द्यायचा आणि कोणता ठेवायचा यावर बोलणे झाले असते. पक्षी सापडला तेव्हा ही झाडतोड होऊन जेमतेम काही वर्षे लोटली होती.

१९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेशात चार ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी त्यांना आढळले. तोरणमाळ भागात त्यांनी घरटी पाहिली, आवाज नोंदवले, खाद्य तपासले. पक्षी रोज काय खातो आणि कुठे बसतो हे कळायला १८७३ पासून सव्वाशे वर्षे लागली. पुढे गिरीश जठार यांनी तोरणमाळ, यावल, मेळघाटात काम केले. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मेळघाट, बुऱ्हाणपूर, खंडवा भागात शोधून तिथे त्याची चांगली वस्ती असल्याचे दाखवले. या सगळ्या कामातून एक गोष्ट निघाली, जिचा अभयारण्यवाल्यांना थोडा त्रास व्हायला हवा. ज्या जागी पक्षी सापडला ते अभयारण्य नव्हते. तोरणमाळ हे राखीव वन. जळगावात यावलचे अभयारण्य १९६९ पासून आहे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. धुळ्यात शिरपूरजवळ अनेर धरणाचे अभयारण्य १९८६ पासून आहे. यावलमध्ये रानपिंगळा आहे, ही चांगली गोष्ट. पण यावलमध्येही वर्षानुवर्षे जंगल कापून शेती झाली आणि कागदावरची हद्द ते थांबवू शकली नाही.

कागदावरच्या हद्दीपेक्षा माणसाचा रोजचा वावर काय करतो, हे पाहायला थोडे लांब, पश्चिम आफ्रिकेत जाऊ. आयव्हरी कोस्टमधले ताई राष्ट्रीय उद्यान १९७२ मध्ये जाहीर झाले आणि १९८२ मध्ये जागतिक वारसा ठरले. तिथे १९७९ पासून क्रिस्तोफ बोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानटी चिंपांझींचा सलग अभ्यास केला. दगडाने कठीण फळे फोडणाऱ्या चिंपांझींची ओळख जगाला होण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. २००७ मध्ये त्या देशात पुन्हा गणना झाली तेव्हा १९९० च्या तुलनेत चिंपांझी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उद्यानांच्या हद्दी होत्या, कायदा होता, तरीही. आणि त्याच ताईमध्ये जिथे संशोधकांचा रोजचा वावर होता त्या भागात माकडांची संख्या इतर भागांपेक्षा जास्त आढळली, चोरटी शिकार कमी आढळली. बंदूकवाला पहारेकरी अधूनमधून येतो. वही घेतलेला माणूस मात्र रोज पहाटे जंगलात असतो आणि शिकाऱ्याला तोच जास्त नकोसा होतो. सातपुड्यातली गोष्टही याच नियमाची, फक्त उलट्या बाजूने सिद्ध झालेली. तिथे वावर होता म्हणून वाचले, इथे वावर तुटला म्हणून तुटले.

यावर शंका घेणारे दोन मुद्दे काढतात आणि दोन्ही वजनदार आहेत. एक, माणसाचा वावर काही फुकट मिळत नाही. ताईमध्येच माणसांकडून आलेल्या श्वसनरोगांच्या विषाणूंनी माणसाळलेल्या टोळ्यांतले चिंपांझी दगावले, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. रानपिंगळ्याच्या बाबतीत हाच धोका कॅमेऱ्याच्या रूपाने येतो. ठिकाण कळले की छायाचित्रकारांच्या गाड्या येतात, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला समोर बोलावतात. आपल्या हद्दीत परका नर आला असे समजून तो पुन्हा पुन्हा उडत येतो आणि विणीच्या दिवसांत घरट्यावरचे लक्ष उडते. ताईच्या अभ्यासकांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे अभ्यास बंद करणे नव्हे. तोंडाला मास्क, ठरावीक अंतर, आजारी माणसाला जंगलबंदी, असे नियम त्यांनी लावले, कारण हिशेब मांडला तर वावराने वाचवलेले प्राणी आजाराने गमावलेल्यांपेक्षा अधिक होते. इथेही आवाज वाजवण्यावर बंदी घालणे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे सोपे आहे. पाहायला माणूस नसेल तरच ते कठीण.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. जंगलात रोज असणारा माणूस तर आहेच की, तो आदिवासी. तोच झाडे तोडतो, त्याची पोरे गलोलीने पाखरे मारतात, घुबडाची अंडी आणि अवयव विधींसाठी लागतात म्हणून तोच ते काढतो. मग वावर म्हणजे रक्षण हे कसे? या आरोपातले तुकडे खरे आहेत, अभ्यासकांनी त्यांची नोंद केली आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण वावर एका जातीचा नसतो. ज्या माणसाला उद्या इथून हाकलतील अशी भीती आहे, त्याचा वावर आणि ज्याला हे रान आपल्या नावावर लागले आहे, त्याचा वावर यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. खानदेशातच याचा दाखला आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखले. तोड केली तर दंड, चराई बंद, पहारा गावाचाच. उघडे डोंगर पुन्हा हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. त्या कामाबद्दल पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हे कोकणा आदिवासींचे गाव आहे, पुण्या-मुंबईच्या निसर्गमंडळाचे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला पट्टा देण्याबरोबरच ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, वाढवण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. वनखाते आणि काही वन्यजीवप्रेमी या कायद्याकडे अतिक्रमणाला दिलेली मान्यता म्हणून पाहतात, आणि ताबा धरण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आत बसण्यासाठी घाईघाईने झाडे पाडली गेली हेही नाकारता येणार नाही. पण पट्ट्यांवर एवढा वाद घालणाऱ्यांनी सामूहिक हक्काची बाजू किती गावांत नेटाने लावून धरली, हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा. डोंगरात वैयक्तिक पट्टे गेले आणि सामूहिक हक्क रेंगाळला, तर नेवाड पक्की होईल आणि रान बेवारस राहील. रानपिंगळ्याला त्यातून काहीच मिळणार नाही.

तिसरी हरकत अलीकडची आहे आणि ती ऐकायला गोड लागते. २०१८ मध्ये या पक्ष्याची जागतिक यादीतली वर्गवारी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली. नव्या जागा सापडल्या, तानसा झाले, डांग झाले, मेळघाट तर आहेच, मग एवढी काळजी कशाला? वर्गवारी उतरली ती पक्षी वाढले म्हणून नव्हे, शोधणारे वाढले म्हणून. जगातल्या प्रौढ रानपिंगळ्यांचा अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे. आणि मेळघाटात पक्षी आहेत म्हणून तोरणमाळची काळजी सोडायची, तर ज्या भागात तो पहिल्यांदा नीट ओळखला गेला आणि पुन्हा सापडला त्याच भागातून तो जाईल. सातपुड्याच्या या तुकड्यात त्याची स्थिती सुधारल्याचा पुरावा कोणी मांडलेला नाही. उलट जुन्या झाडांची तोड आणि नेवाड या दोन्हींकडे इथल्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा बोट दाखवले आहे.

करण्यासारखे काम त्या मानाने अगदी साधे आहे. रानपिंगळा घरटे बांधत नाही, जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. वठलेले, पोकळ झाड हा वनखात्याच्या कार्य-आयोजनेत काढून टाकायचा माल असतो, आणि गावच्या चुलीला लागणारे पहिले लाकूडही तेच. खाते आणि गाव दोघांच्याही कुऱ्हाडीखाली आधी तीच झाडे येतात, ज्यांच्यावाचून या पक्ष्याचे चालत नाही. यावल, तोरणमाळ, शिरपूरच्या डोंगरातल्या ग्रामसभांनी आपल्या सामूहिक वनहक्काच्या आराखड्यात ढोलीची झाडे मोजून त्यांना खुणा करून ठेवली आणि वनखात्याने आपल्या आयोजनेत ती तोडीतून वगळली, तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज पडणार नाही. गावातल्याच चार पोरांना दर हिवाळ्यात सकाळी फिरून कोणत्या ढोलीवर पक्षी आहे हे वहीत उतरवायला लावावे आणि त्याचे पैसे द्यावेत. ती वही तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि ग्रामसभेत, दोन्हीकडे राहावी, म्हणजे एक अधिकारी बदलून गेला की सगळेच पुसले गेले, असे पुन्हा होणार नाही.